मूळ न पाहिलेले रूपांतर : ‘रोड फायटर’ आणि परिघावरचा खेळाडू

१

रूपांतराचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा दोनच टोके लक्षात घेतली आहेत : मूळ कृती आणि तिचे नवे रूप. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) ‘हॅम्लेट’शी आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ‘ऑथेल्लो’शी ताडून पाहायचे, काय गळाले व काय नव्याने आले याचा हिशेब मांडायचा, ही पद्धत रूढ आहे. तुलना करणाऱ्याला दोन्ही संहिता हाताशी आहेत, हे या पद्धतीतील अध्याहृत गृहीतक होय. शेक्सपिअर न वाचता ‘झुंझारराव’ पाहणारा प्रेक्षक या हिशेबात बसत नाही. त्याच्यापुरते ते नाटक रूपांतर नसतेच. त्याच्या दृष्टीने ते फक्त नाटक असते. समीक्षक ज्याला दुसरी पायरी म्हणतो ती त्याची पहिली पायरी असते. या प्रेक्षकाचा इतिहास कसा लिहायचा, हा प्रश्न साहित्येतिहासात फारसा विचारला गेलेला नाही.

हा प्रश्न साहित्याबाहेरच्या एका उदाहरणातून अधिक नेमकेपणाने मांडता येतो. उदाहरण वरकरणी क्षुल्लक आहे : मोटारींच्या शर्यतीचा एक जुना जपानी व्हिडिओ गेम, आणि १९९० नंतरच्या दशकात धाराशिवसारख्या (२०२३ पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात तो घरच्या दूरचित्रवाणी संचावर खेळणारी पिढी. उदाहरण क्षुल्लक असण्यात एक सोयही आहे. येथे मूळ व रूपांतर यांतील फरक मोजता येतो. साहित्यकृतीच्या बाबतीत तो बहुधा अंदाजाने सांगावा लागतो.

२

‘रोड फायटर’ हा खेळ कोनामी या जपानी कंपनीने १९८४ साली नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रासाठी तयार केला. मोटारशर्यतीचा हा त्या कंपनीचा पहिलाच खेळ. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, त्याची दोन घरगुती रूपांतरे झाली. एक एमएसएक्स या घरगुती संगणकासाठी होते आणि दुसरे निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’साठी. १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आलेले हे दुसरे यंत्र प्रत्यक्षात खेळयंत्रच होते. पण त्याचे नावच ‘घरचा संगणक’ असे होते, ही गोष्ट अर्थशून्य नाही. पुढे त्याच्या काही नकलांना कळफलक जोडून त्या शैक्षणिक संगणक म्हणून विकल्या गेल्या, तेव्हा नावातील आश्वासन नकलेने पाळले असे म्हणता येते.

खेळाची रचना साधी आहे. रस्ता वरून दिसतो आणि पडद्याच्या तळाकडे वाहत राहतो. तळाशी खेळाडूची लाल मोटार असते. तिला घसरवणारी तेलाची डबकी, वाट अडवणाऱ्या मोटारी आणि ज्यांच्यावर आदळले की मोटार फुटते असे ट्रक वाटेत येतात. वेग ताशी ४०० किलोमीटरपर्यंत चढतो. या शर्यतीत घड्याळ नाही, इंधन आहे. ते क्षणाक्षणाला घटते, प्रत्येक स्फोटाबरोबर आणखी घटते, आणि संपले की खेळ संपतो. अधूनमधून येणाऱ्या एका बहुरंगी मोटारीला स्पर्श केला तरच ते थोडे भरते. म्हणजे येथे काळ हा इंधनाच्या रूपाने व्यक्त झाला आहे. वाचवणे आणि धावणे या दोन परस्परविरोधी प्रेरणांतून खेळाचा ताण निर्माण होतो.

यंत्राकडून घराकडे येताना या संहितेत कोणते बदल झाले? मूळ यंत्राचा पडदा उभा होता, घरचा संच आडवा. उभ्या पडद्यासाठी कल्पिलेला रस्ता आडव्या चौकटीत बसवताना उजवीकडची जागा गुण, वेग आणि इंधन यांच्या आकड्यांना देण्यात आली. मूळचे सहा टप्पे चारवर आले. ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट होती, आणि खेळाची संपूर्ण संहिता ४० किलोबाइटांच्या मर्यादेत मावणाऱ्या वर्गातली होती. रूपांतरकाराला संक्षेप करणे भागच होते. येथवरची हकीकत कोणत्याही रूपांतराची असते तशीच आहे. नाटक कादंबरीतून घडते तेव्हाही उपकथानके गळतात आणि दृश्ये नव्या चौकटीत बसवली जातात.

३

मात्र हा खेळ भारतातील लहान गावांत जपानी पेटीतून आला नाही. तो नकलेतून आला. १९९० च्या दशकात ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या नकला जगभर पसरल्या. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’, भारतात ‘लिटल मास्टर’ अशी त्यांची नावे होती. त्यांच्यासोबत एकाच खोक्यात अनेक खेळ भरलेली संकलने येत. मराठी मुलांच्या बोलीत या खोक्याला ‘कॅसेट’ आणि हातातल्या नियंत्रकाला ‘रिमोट’ म्हटले गेले. घरात आधी शिरलेल्या ध्वनिफिती आणि दूरचित्रवाणी यांनी नव्या वस्तूला आपली नावे उसनी दिली. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून पुनःपुन्हा मांडलेले असत. ‘रोड फायटर’सारख्या आटोपशीर खेळांना अशा संकलनांत सहज जागा मिळाली.

या प्रवासात संहितेवर आणखी तीन संस्कार झाले. त्यांतले दोन रूपांतरकाराने केलेच नव्हते.

पहिला संस्कार कर्तृत्वाचा. चोरट्या संकलनांतून कंपनीचे नाव व हक्कसूचना अनेकदा पुसून टाकली जाई. त्यामुळे खेळाडूच्या हाती आलेली संहिता लोकगीतासारखी अनामिक होती. तरी एक खूण आत शिल्लक राही. बराच पल्ला न आदळता गाठला तर रस्त्याच्या कडेने एक उडता पुरुष जातो. तो ‘कोनामी मॅन’ आहे. संतकवीची नाममुद्रा अभंगाच्या अंगातच विणलेली असल्याने मुखपृष्ठ फाटले तरी ती उरते, तशी ही खूण उरली. फरक इतकाच की नाममुद्रा वाचता येण्यासाठी नाव आधी ठाऊक असावे लागते. ज्याला ते ठाऊक नव्हते त्याने त्या आकृतीला सुपरमॅन समजले असेल, तर तो अपपाठ अगदी स्वाभाविक होता.

दुसरा संस्कार रंगाचा. त्या काळी लहान गावांतील अनेक घरांत कृष्णधवल संच होते. इंधन देणारी मोटार ‘बहुरंगी’ आहे, हीच तर तिची ओळख. कृष्णधवल पडद्यावर हा संकेत करड्या छटांत विरघळतो. खेळाडूला मग मोटारीची ओळख छटेवरून आणि तिच्या वागण्यावरून शिकावी लागते. संहितेने दिलेली सूचना माध्यमात हरवली आणि तिच्या जागी वाचनाचे नवे कौशल्य आले. भाषांतरात श्लेष हरवतो तेव्हा चांगला वाचक संदर्भावरून काहीसे असेच काम करतो.

तिसरा संस्कार सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अदृश्य आहे. तो गतीचा. जपानी संचावर चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटले जाते. भारतातील पाल पद्धतीच्या संचावर ते ५० वेळा रेखाटले जाते. या काळातील खेळांची संपूर्ण हालचाल चित्राच्या आवर्तनाशी बांधलेली असे. रस्ता किती सरकायचा, इंधन किती घटायचे, संगीताचा पुढचा स्वर केव्हा वाजायचा, हे सर्व आवर्तनांच्या संख्येवर ठरत असे. साहजिकच ५० आवर्तनांना जुळवलेल्या नकलेवर जपानी संहिता न बदलता चालवली की सारे काही सहाव्या हिश्शाने मंदावते. जपानात मिनिटभर चालणारा प्रवास येथे ७२ सेकंद चालतो. पडद्यावर आकडा ४०० चाच दिसतो, पण रस्ता त्या वेगाने वाहत नाही.

छंदशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर मात्रांची प्रमाणे कायम राहिली आणि लय विलंबित झाली. इंधन आणि अंतर एकाच प्रमाणात मंदावल्यामुळे खेळ अंतर्गतदृष्ट्या सुसंगतच राहिला. पण माणसाच्या हाताची व डोळ्याची गती मंदावली नाही. परिणामी खेळाडूला प्रत्येक अडथळ्यापुढे विचाराला थोडा अधिक अवकाश मिळाला. ही निराळी कृती आहे, असे म्हणण्यास येथे सबळ आधार सापडतो.

४

धाराशिव जिल्ह्याच्या भूमीत या चर्चेचे एक फार जुने प्रतिरूप आहे. तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासवृत्तान्त तगराचा उल्लेख पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून करतो, आणि तेथला माल गाड्यांतून भडोचला जात असल्याचे नोंदवतो. तेरच्या अवशेषांत रोमन नाण्यांच्या मातीतल्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. अशा प्रतिकृती दख्खनमधील इतर स्थळांवरही सापडतात. अंगावर घालता याव्यात म्हणून त्यांना छिद्र किंवा कडी ठेवलेली आढळते. म्हणजे नाण्याची नक्कल करताना त्याचे कार्यच बदलले. विनिमयाचे साधन अलंकार झाले. ती गळ्यात घालणाऱ्याला सम्राटाचे नाव वाचता येत असण्याची गरज नव्हती. या प्रतिकृतींना ‘खोटी नाणी’ म्हणणे हा वर्गीकरणातील दोष ठरेल, कारण त्या नाणी म्हणून वापरण्यासाठी घडवल्याच नव्हत्या.

दोन्ही प्रसंगांत साम्य आहे ते केंद्र व परिघ यांच्या नात्याचे. दूरच्या केंद्रात घडलेली वस्तू परिघावर पोहोचते ती मूळ द्रव्य, मूळ नाव आणि मूळ कार्य टाकून. पुरातत्त्वाने मात्र त्या मातीच्या चकत्या निकृष्ट म्हणून फेकल्या नाहीत, संग्रहालयात ठेवल्या. रोमन नाण्यावरून रोमचा इतिहास कळतो, मातीच्या चकतीवरून तगराचा कळतो, ही दृष्टी पुरातत्त्वाला सहज साधली. वाङ्मयसमीक्षेला ती अजून पुरती साधलेली नाही.

देशीवादी भूमिकेची अडचणही येथे लक्षात येते. कृतीत देशी जीवन, देशी भाषा, देशी रूपबंध शोधणाऱ्या समीक्षकाला ‘रोड फायटर’मध्ये काहीच सापडणार नाही. त्यातला रस्ता नळदुर्गावरून उमरग्याकडे जाणारा महामार्ग नव्हे. तुळजापूरचा घाट त्यात नाही. ही कृती आशयाने पूर्णपणे परकी आहे. तिचे देशीपण आशयात शोधले तर सापडत नाही. ते संचाच्या विद्युत्-आवर्तनात, कृष्णधवल पडद्यात, ‘कॅसेट’ या शब्दात आणि वीज गेल्याबरोबर शून्यावर येणाऱ्या धावसंख्येत आहे. ग्रहणाच्या अटी देशी असतात, तेव्हा परकी संहितेचेही एक देशी रूप सिद्ध होते, आणि ते कोणी हेतुपूर्वक घडवलेले नसते.

याचा अर्थ नकलेचा गौरव करावा असा नव्हे. नाव पुसणे ही कर्त्याची फसवणूक होती. छापील आकड्याने ग्राहकाचीही फसवणूक होत होती. शिवाय या खेळांभोवती जमणारा मेळा प्रामुख्याने मुलग्यांचा असे, आणि परिघाच्या आतही एक परिघ असतो हे विसरून चालणार नाही. अभावाला सर्जनशीलता म्हणून सजवणे हा समीक्षकाचा सोपा मोह आहे. येथे मुद्दा मूल्याचा नाही, पुराव्याचा आहे.

५

पुराव्याचा प्रश्न आज का तातडीचा झाला आहे, हे शेवटी पाहिले पाहिजे. जुन्या खेळांचे जतन आता गांभीर्याने होते. संहितांच्या प्रती काढल्या जातात आणि आजच्या संगणकावर किंवा दूरध्वनीवर त्या चालवणाऱ्या आज्ञावली सहज मिळतात. मात्र जतनाचे प्रतिमान मूळ हेच आहे. ‘रोड फायटर’ची जपानी प्रत अशा आज्ञावलीत सामान्यतः जपानी गतीने, सेकंदाला ६० आवर्तनांनी चालते, रंगीत दिसते आणि कंपनीच्या नावासह उघडते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा शुद्ध पाठ आहे.

कळंब, भूम किंवा परंडा येथे बालपणी मंद नकलेवर हा खेळ खेळलेला माणूस आज चाळिशीत तो पाठ उघडतो, तेव्हा त्याला खेळ अनोळखी वाटतो. रस्ता फार वेगाने येतो आणि संगीत घाईचे वाटते. तो दोष आपल्या वयाला देतो, किंवा आठवणीला. बालपणीच्या गोष्टी स्मृतीत संथ होतात, असे मानसशास्त्रीय स्पष्टीकरणही त्याला सहज मिळते. प्रत्यक्षात त्याची आठवण अचूक आहे. त्याच्या घरी खेळ खरोखरच मंद होता, आणि किती मंद होता हे गणिताने सांगता येते. शुद्ध पाठाने एका सच्च्या साक्षीदाराला स्वतःच्याच साक्षीविषयी साशंक केले आहे.

रूपांतराच्या इतिहासाला येथून एक पद्धतीविषयक धडा मिळतो. मूळ पाठ निश्चित करणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने ग्रहणाचा इतिहास सिद्ध होत नाही. ‘झुंझारराव’चा प्रयोग गावोगावच्या प्रेक्षकाने कोणत्या काटछाटीत, कोणत्या प्रकाशात, किती तासांत पाहिला, याची नोंद नसेल तर उरते ते केवळ मुद्रित नाटक, आणि त्या मुद्रित नाटकाशी न जुळणारी प्रत्येक आठवण चुकीची ठरते. हे टाळायचे तर मूळ प्रतीबरोबर तिच्या प्रवासाच्या अटीही जपाव्या लागतील : ते संच, त्या नकला, त्यांची आवर्तने, आणि ज्यांनी ते खेळले त्यांच्या साक्षी. यंत्रांतील घटक झिजत आहेत आणि खेळाडू अजून हयात आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

तेर हे गोरोबाकाकांचेही गाव. संतमंडळीत कोण कच्चे आणि कोण पक्के, हे त्यांनी मडक्याप्रमाणे थापटून पाहिल्याची कथा सर्वश्रुत आहे. मडके कोणत्या गावच्या चाकावर उतरले, हा प्रश्न त्या परीक्षेत विचारला गेला नव्हता. भाजताना त्याला काय झाले, एवढेच पाहिले गेले. परिघावरच्या रूपांतरांनाही हीच कसोटी लावणे न्याय्य ठरेल.