कडी

गाणे अडले की कवी चंद्राकडे बघतो, असा लोकांचा समज. पण १९५५ सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू व्हायचे होते आणि ऐन वेळी पहिल्याच गीताचा कागद गहाळ! पुन्हा लिहा म्हटल्यावर गदिमा भडकले. तेव्हा केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी त्यांना कागद-पेनासकट खोलीत कोंडले म्हणे. १५ मिनिटांत गीत हजर! पुढे आठवड्याला एक, अशी ५६ गीते झाली. चाली सुधीर फडक्यांच्या. मला विचाराल तर यातली खरी सरस्वती म्हणजे ती कडी.

सोसायटीच्या गणपतीसाठी मलाही गाणे हवे आहे, परवापर्यंत. पण आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत कोंडून घ्यायला जागा एकच, न्हाणीघर. आणि तिथे पाचव्या मिनिटाला बाहेरून दार वाजते.