लहान मोटारगाडीतील डिझेल आणि पेट्रोल : एका हिशेबाचा इतिहास

पूर्णा हे परभणी जिल्ह्यातील गाव रेल्वेचे जंक्शन म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरून हिंगोली-अकोल्याकडे जाणारा फाटा येथे फुटतो. एका बाजूस परभणी आणि दुसऱ्या बाजूस नांदेड, अशी जिल्ह्याची दोन ठाणी प्रत्येकी सुमारे तीस किलोमीटरांवर असल्याने नोकरी, न्यायालय, दवाखाना वा महाविद्यालय यांसाठी रोज जाणे-येणे करणारा वर्ग येथे मोठा आहे. अशा गावात लहान मोटारगाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हाच असतो. इंग्रजीतील 'सरासरी' या अर्थाचा हा शब्द मराठीत 'एका लिटरात जाणारे अंतर' या अर्थाने इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ कोणास आठवतही नाही. या एका आकड्याच्या बळावर सुमारे पंधरा वर्षे डिझेलची लहान गाडी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने शहाणपणाची खरेदी मानली. हे शहाणपण कितपत इंजिनाचे होते आणि कितपत सरकारी दरपत्रकाचे, याचा निवाडा केल्यावाचून या कालखंडाचा आर्थिक इतिहास नीट लागत नाही.

प्रथम यंत्राचा विचार केला पाहिजे. निकोलस ओटो याच्या १८७६ च्या इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण दाबून ठिणगीने पेटविले जाते. मिश्रण प्रमाणाबाहेर दाबल्यास ते अवेळी पेटते; म्हणून तेथे संपीडनाला मर्यादा पडते. रुडॉल्फ डिझेल याने केवळ हवाच दाबली आणि ती तापल्यावर तीत इंधन सोडले. ठिणगीची गरज उरली नाही आणि संपीडनाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट करता आले. १८९७ मध्ये औग्सबुर्ग येथे झालेल्या चाचणीत त्याच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर केले. त्या काळी बाष्पयंत्रांना हा आकडा स्वप्नवत होता. दुसरा लाभ मोटारीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पेट्रोल इंजिनाची शक्ती कमी करावयाची तर हवेच्या वाटेवरील झडप मिटावी लागते आणि इंजिनाला अडलेली हवा ओढण्याचे व्यर्थ श्रम पडतात. डिझेल इंजिनात केवळ इंधन कमी सोडले की भागते. त्यामुळे गर्दीतून, खड्ड्यांतून, अर्ध्या जोराने चालणाऱ्या गाडीत डिझेलचा वरचष्मा अधिक दिसतो, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना तो कमी होतो.

असे असूनही डिझेल प्रथम मोठ्या वाहनांत स्थिरावले. महाराष्ट्रात खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने १९४६ पासून शेतीच्या पंपासाठी ते खेडोपाडी पोहोचविले. १९५४ पासून टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारींनी रस्ता व्यापला. मर्सिडीजने १९३६ मध्येच डिझेलची प्रवासी मोटार विक्रीस आणली होती, परंतु लहान गाडीला जड इंजिन, हादरे आणि महागडा इंधनपंप परवडेना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची पद्मिनी दीर्घकाळ पेट्रोलवरच धावली. तिला इटालियन बनावटीचे डिझेल इंजिन मिळाले ते अखेरच्या काळात. अ‍ॅम्बॅसडरने १९८० च्या सुमारास डिझेलचा अवलंब केला, पण तिला लहान गाडी म्हणणे धाडसाचे होईल.

खरी कलाटणी पिंपरी-चिंचवड येथे मिळाली. डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इंडिका बाजारात आणली. एकाच सांगाड्यात १४०५ घन सेंटिमीटरचेच डिझेल आणि तेवढेच पेट्रोल इंजिन मिळत असल्याने सामान्य ग्राहकाला तुलना प्रथमच सरळ करता आली. तिच्या इंजिनात इंधन आधी एका छोट्या पूर्वकक्षात पेटे. या पद्धतीने आवाज कमी होतो, पण भिंतींतून उष्णता वाया जाऊन डिझेलचा काही लाभ गमावला जातो. पुढे फियाटच्या १२४८ घन सेंटिमीटर मल्टिजेट इंजिनाने अतिउच्च दाबाची सामाईक नळी वापरून इंधन थेट सिलिंडरात सोडले आणि हा दोष दूर केला. मारुतीने २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये बसविले. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यातही ते तयार होत असे.

स्विफ्टचे आकडे या हिशेबाला सोयीचे आहेत, कारण दोन्ही इंजिने एकाच गाडीत मिळत. २०१४ च्या अखेरीस प्रमाणित आकडे होते : पेट्रोलवर लिटरला २०.४ किलोमीटर, डिझेलवर २५.२. हे प्रमाणन करणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख म्हणजे १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया होय. प्रयोगशाळेतील रुळांवरचे आकडे रस्त्यावर उतरत नाहीत, हे प्रत्येक चालकास ठाऊक असते. तथापि तुलनेसाठी ते पुरेसे आहेत. डिझेल येथे सुमारे साडेतेवीस टक्के सरस दिसते.

परंतु 'लिटर' हे माप येथे फसवे आहे. डिझेल पेट्रोलहून जड असते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगॅज्यूल ऊर्जा असते, तर डिझेलमध्ये सुमारे ३६. म्हणजे बारा टक्के अधिक ऊर्जा तर टाकीत ओततानाच मिळालेली असते. तिचा इंजिनाच्या गुणाशी काही संबंध नाही. ती वजा केल्यास इंजिनाच्या पदरी जेमतेम दहा टक्क्यांचे श्रेय उरते. धुराच्या बाजूनेही हेच दिसते. लिटरमागे पेट्रोल सुमारे २.३ किलो आणि डिझेल सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणून किलोमीटरमागे अंतर ११३ आणि १०५ ग्रॅम एवढेच राहते.

मग लोकांच्या खिशात प्रत्यक्ष पडलेली बचत आली कोठून? जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला, पण डिझेलचा झाला नाही. पेट्रोल चढत गेले आणि डिझेल जागीच राहिले. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होते. वरील गाडी याच दरांत चालविली असे मानल्यास किलोमीटरमागे पेट्रोलचा खर्च ३ रुपये ५९ पैसे व डिझेलचा १ रुपया ६२ पैसे येतो; बचत १ रुपया ९६ पैशांची. आता दोन्ही इंधनांचा दर समान, म्हणजे ७३ रुपये १८ पैसेच असता, तर बचत केवळ ६८ पैसे झाली असती. त्यातूनही डिझेलच्या जडपणाचा वाटा काढल्यास इंजिनाच्या खात्यावर सुमारे ३४ पैसे राहतात. थोडक्यात, सहा आण्यांतील एक आणा रुडॉल्फ डिझेलचा, एक आणा तेलाच्या घनतेचा आणि उरलेले चार दिल्लीच्या दरपत्रकाचे.

पूर्ण्याहून परभणीस रोज जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे आकडे असे पडत. साठ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे अठरा हजार किलोमीटर. डिझेलची गाडी पेट्रोलहून सुमारे लाखाने महाग असे. मे २०१२ च्या दराने हा लाख ५१ हजार किलोमीटरांत, म्हणजे तीन वर्षांच्या आत, फिटला असता. ज्याची गाडी बाजार, लग्नकार्य आणि सणासुदीपुरती वर्षाला सहा हजार किलोमीटर धावे, त्यास मात्र त्या सुवर्णकाळातही साडेआठ वर्षे लागली असती. तरीही असे पुष्कळ लोक डिझेल घेत. पंपावरील दराच्या पाटीत दिसणारी तफावत गाडीच्या किमतीत दडलेल्या लाखापेक्षा डोळ्यांत अधिक भरे. काळी-पिवळीच्या मालकाचा हिशेब वेगळा होता. त्याची गाडी दिवसभर धावत असल्याने त्याला डिझेलखेरीज गत्यंतर नव्हते.

या दरव्यवस्थेचा मूळ हेतू शेतीचा पंप, ट्रॅक्टर, मालमोटार आणि एस्.टी. यांना आधार देणे हा होता, आणि येथेच तिचा अंतर्विरोध आहे. दर तेलाला लावला जातो, तेल वापरणाऱ्याला नव्हे. म्हणून मोटारीचा मालकही त्याच सवलतीचा धनी झाला. २०१०-मधील किरीट पारीख समितीने दर मुक्त करण्याबरोबरच डिझेल मोटारींवर अधिक उत्पादनशुल्क सुचविले होते, ते याच कारणाने. २०१२-१३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या.

शेवट त्वरेने झाला. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर महिन्यास पन्नास पैशांच्या पायऱ्यांनी वाढू लागला आणि १८ ऑक्टोबर २०१४ रोजी तो मुक्त झाला. त्या दिवसांत दिल्लीत पेट्रोल ६६ रुपये ६५ पैसे आणि डिझेल ५५ रुपये ६० पैसे होते. किलोमीटरमागची बचत १ रुपया ६ पैशांवर आली, आणि पूर्ण्याच्या त्याच प्रवाशास लाख रुपये फेडण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागू लागला. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल पेट्रोलहून बारा पैशांनी महाग झाले. त्या दराने बचत ७४ पैसे आणि मुदत साडेसात वर्षे. त्याआधीच, १ एप्रिल २०२० पासून, भारत स्टेज सहाची मानके लागू झाली होती. त्यांसाठी लागणारी काजळीची गाळणी व इतर उपकरणे लहान गाडीच्या किमतीला सोसेनात. मारुतीने त्या दिवसापासून डिझेल गाड्या बंद केल्या. टाटांची अल्ट्रोज हा अपवाद वगळता डिझेलची लहान गाडी जवळजवळ नाहीशी झाली. इंजिन पूर्वीइतकेच काटकसरी होते. ढासळला तो त्याच्या खालचा आधार.

परभणी जिल्ह्यापुरती एक गोष्ट येथे नोंदविणे आवश्यक आहे. वरील दर दिल्लीचे आहेत. परभणीचे त्याहून चढे असत. सप्टेंबर २०१८ मध्ये परभणीचे पेट्रोल लिटरमागे नव्वद रुपयांच्या घरात जाऊन देशातील सर्वांत महाग पेट्रोलमध्ये गणले गेले. सुमारे तीनशे किलोमीटरांवरील मनमाडजवळच्या पानेवाडी येथून टँकरने तेल आणण्याचा खर्च त्यात मिळविलेला होता. मनमाडहून निघणारा लोहमार्ग याच जिल्ह्यातून, पूर्ण्यावरूनच जातो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता 'ॲव्हरेज'च्या मापात आणखी एक बदल घडला आहे. देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले असून त्याचा एक भाग उसापासून येतो. इथेनॉलच्या लिटरात सुमारे २१ मेगॅज्यूलच ऊर्जा असल्याने मिश्रणाची ऊर्जा ३२ वरून तीसच्याही किंचित खाली येते. केवळ ऊर्जेच्या हिशेबाने लिटरला २०.४ किलोमीटर देणारी तीच पेट्रोल गाडी आता सुमारे १९ देईल, आणि डिझेलची आघाडी, इंजिनात काडीचाही फरक न होता, साडेतेवीस टक्क्यांवरून बत्तीस टक्क्यांच्या वर दिसेल.