'चेक' शब्दाचें कुळ

महिन्याच्या आरंभीं घरभाड्याचा चेक लिहून देणारा गृहस्थ, दुकानांत 'चेक्स'चें कापड दाखवावयास सांगणारी गृहिणी आणि आगगाडींत तिकिटें 'चेक' करणारा अधिकारी हे तिघेही एकच इंग्रजी शब्द उच्चारीत असतात. कागद, कापड आणि तपासणी यांचा परस्परांशीं संबंध काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु या आखूड शब्दाचा इतिहास पाहूं गेल्यास, शब्दांचें नातें त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवूं नये, हा धडा मिळतो.

या शब्दाची जन्मकथा इंग्लंडांत सुरू होत नाहीं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सेनेचीं चार अंगें पटावर मांडून खेळावयाचा चतुरंग हा खेळ भारतांतला. सातव्या शतकांत बाणभट्टानें 'हर्षचरितां'त त्याचा निर्देश केला आहे. हा खेळ इराणांत गेला, तेथें त्याचें नांव 'चतरंग' झालें. पुढें अरबांनीं त्याचें 'शतरंज' केलें. इराणी भाषेंत शाह म्हणजे राजा. राजावर मारा आला कीं प्रतिपक्षाला सावध करण्यासाठीं खेळाडू 'शाह' असा पुकारा करी. अरबांच्या द्वारें खेळ युरोपांत पोंचला, तेव्हां हा पुकाराही त्याच्याबरोबर गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्यें त्याचें 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्यें 'एशेक' आणि इंग्रजींत 'चेक' झालें. खेळाचें 'चेस' हें नांवही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून आलें आहे.

राजावर असा मारा आला म्हणजे खेळणाराची मोकळीक संपते. आधीं राजा सांभाळावा लागतो. यावरून 'चेक' म्हणजे अटकाव, लगाम असा अर्थ रूढ झाला. ज्याला लगाम घालावयाचा त्याच्यावर नजरही ठेवावी लागते. म्हणून पुढें तपासणी, पडताळा हाही अर्थ त्याला येऊन मिळाला.

खेळाच्या पटालाही याच शब्दावरून नांव पडलें आणि पटावरील घरांसारख्या चौकटी ज्यावर असत तें कापड 'चेक' ठरलें. परंतु या पटाचें खरें कर्तृत्व इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यांत दिसलें. पहिल्या हेन्रीच्या कारकीर्दींत (११०० ते ११३५) तेथें हिशेबाची एक विशेष पद्धति रूढ झाली. रोमन अंकांनीं बेरीज-वजाबाकी करणें मोठें कष्टाचें. म्हणून सुमारें दहा फूट लांब व पांच फूट रुंद मेजावर रेघा आखलेलें काळें कापड अंथरीत. त्यावर पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेंकडे, हजार असे रकाने असत. कागदावर अंकांचें स्थान जें काम करतें, तें येथें रकाने करीत आणि त्यांत सोंगट्या ठेवून हिशेब होई. स्वतः खजिनदार असलेल्या रिचर्ड फिट्झनीलनें बाराव्या शतकांतील आपल्या ग्रंथांत, खजिनदार व वसूल घेऊन येणारा शेरीफ यांच्यांतील या सामन्याची तुलना बुद्धिबळाशींच केली आहे. पटावरून त्या कचेरीला 'एक्स्चेकर' हें नांव मिळालें. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदवींत तें अजून आहे.

भरलेल्या रकमेची पावती म्हणून खांचा पाडलेली काठी उभी चिरून दोन भाग करीत. एक भरणाराकडे, दुसरा खजिन्यांत. दोन्ही जुळले तर हिशेब खरा. ही चाल १८२६ सालीं बंद पडली आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं त्या जुन्या काठ्या जाळतांना भडकलेल्या आगींत पार्लमेंटची इमारतच भस्मसात झाली. काठीची जागा कागदानें घेतली, तरी पडताळ्यासाठीं दुसरा भाग राखून ठेवण्याची रीत टिकली. अठराव्या शतकाच्या आरंभीं 'चेक' म्हणत तें या राखलेल्या भागाला. पुढें पेढीवर काढलेल्या आज्ञापत्रालाच तें नांव पडलें. एक्स्चेकरच्या वळणानें इंग्रजांनीं त्याचें वर्णलेखन निराळें केलें. अमेरिकेंत मात्र तें मूळचेंच राहिलें. भारतांत १८८१ च्या कायद्यानें या कागदाची व्याख्या ठरविली. मराठींत त्याला धनादेश हा प्रतिशब्द मिळाला, पण बोलण्यांत चेकच राहिला.

आतां कुळाची गोष्ट. मराठी माणूस 'शह' देतो, 'काटशह' देतो आणि संकटावर 'मात' करतो. हे शब्द त्याच इराणी पुकाऱ्याचे आहेत; ज्या 'शाह मात'चें मराठींत 'शह' आणि 'मात' राहिलें, त्याचेंच इंग्रजींत 'चेकमेट' झालें. म्हणजे शह आणि चेक हे सख्खे भाऊ. एक फारसीच्या वाटेनें दक्षिणेंत आला, दुसरा फ्रान्समधून इंग्लंडांत जाऊन, अनेक शतकांनंतर पेढीचा कागद होऊन परतला. उलट, मध्य युरोपांतील चेक लोकांचें नांव मराठींत अगदीं तसेंच लिहिलें जातें. पण तें त्यांच्या दंतकथेंतील 'चेख' नांवाच्या मूळपुरुषाशीं जोडलेलें असून त्याचा शाहाशीं, पटाशीं वा पेढीशीं कांहींही संबंध नाहीं. एका रूपाचे शब्द परके निघतात आणि परके वाटणारे घरचे ठरतात. म्हणून कोणत्याही शब्दाला परका म्हणून बाहेर घालविण्यापूर्वीं त्याची वंशावळ एकवार पाहून घ्यावी, हेंच शहाणपणाचें.