सायकलीच्या वाटेने आलेली गाडी

पुण्यात कुणी ‘गाडी काढतो’ म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन चाकं येतात. चार चाकांच्या वाहनाला ‘कार’ किंवा ‘फोर-व्हीलर’ असं वेगळं नाव घ्यावं लागतं. या शहरातल्या दुचाकीस्वारांच्या बेशिस्तीवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या लिखाणात दोष बहुतेक वेळा स्वभावावर टाकलेला असतो: पुणेकराला नियम नको असतो, थांबायला नको असतं, समोरच्याला वाट द्यायला नको असते. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. स्वभाव शहरागणिक एवढा बदलत नाही, रस्ते आणि त्यांचा इतिहास मात्र बदलतो. पुण्याची दुचाकी मोटारीच्या घराण्यात जन्मली नाही, ती सायकलीच्या वाटेने आली. सायकलीने रस्त्यावर मिळवलेली जागा, तिच्या सवयी आणि तिची भाषाही या दुचाकीने वारशाने घेतली. रस्ते आखणाऱ्यांनी आणि कायदा लिहिणाऱ्यांनी तिला कायम लहान आकाराची मोटार समजलं. आज चौकाचौकात जी ओढाताण दिसते तिचं मूळ मला या गैरसमजात दिसतं.

पुणं सायकलींचं शहर झालं त्यामागे साधी कारणं होती. पेठा आणि कॅम्प यांच्या भोवतीची जमीन बरीचशी सपाट, हवा सौम्य आणि अंतरं पायी जायला थोडी जास्त पण वाहन करायला कमी. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा, फर्ग्युसन कॉलेज 1885 चं. कामगार, कारकून, विद्यार्थी, शिक्षक असा ठरलेल्या वेळी घरून निघून ठरलेल्या वेळी पोचणारा मोठा वर्ग इथे होता आणि त्याच्या खिशाला सायकल परवडत होती. ज्याला विकत घेणं जमत नसे त्याला तासाच्या भाड्याने मिळे. पेठांमधले बोळ मोटारीच्या किती तरी आधीचे. त्यांतून सायकल हँडल न आपटता जाई, वाड्याच्या दिंडीतून आत नेता येई आणि जिन्याखाली मावे. रस्त्यावर ती ठरावीक ओळीत चालत नसे. टांगा थांबला की त्याच्या बाजूने, हातगाडी आडवी आली की तिला वळसा घालून, कधी एक पाय जमिनीला टेकवून ती फट शोधत पुढे सरके. यात कुणाला बेशिस्त दिसत नव्हती. ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने चालणाऱ्या हलक्या वाहनाला तसं जाणंच योग्य होतं. शिवाय सायकलींची संख्या इतकी होती की मोटारवाल्यालाच त्यांच्या चालीशी जुळवून घ्यावं लागे. सायकलवाल्याला पोलीस अडवत ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी, दिवा नसणं आणि डबलसीट जाणं. हा ‘डबलसीट’ शब्द पुढे स्कूटरवर जसाच्या तसा बसला आणि त्याला ‘ट्रिपलसीट’ हे भावंडही मिळालं. वाहन बदललं तरी ज्या शब्दांनी लोक त्याबद्दल बोलत ते बदलले नाहीत. माझ्या म्हणण्याला हाही एक पुरावा आहे.

सायकलीचं हे शहर विस्कटलं ते अंतरामुळे. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली घरं गेली आणि लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहतींकडे माणसं सरकली. दुसरीकडे पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला होताच. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीचा पट्टा कारखान्यांनी भरत गेला. घर दक्षिणेला आणि कामाची पाळी उत्तरेला, हे अंतर रोज सायकलीने तोडणं धडधाकट माणसालाही जड होतं. इथे खरं तर बसने धावून यायला हवं होतं. पण पुण्याची पीएमटी वेगळी, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी. शहरं एकमेकांत मिसळून गेल्यावरही त्या दोन सेवा 2007 पर्यंत एक झाल्या नाहीत. मुंबईशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. मुंबईचा माणूस पुणेकरापेक्षा गरीब नव्हता आणि स्कूटरही तिथे काही कमी प्रमाणात पोचली नसती. लॅम्ब्रेटा जोडणारा कारखाना तर मुंबईतच पन्नासच्या दशकात होता. तरीही मुंबई दुचाकींचं शहर झाली नाही, कारण लोकल गाड्या आणि बेस्टच्या बस आधीपासून होत्या. म्हणून ‘पैसा आला आणि लोकांनी गाड्या घेतल्या’ हे स्पष्टीकरण मला अर्धंच वाटतं. पैशाने गाडी घेता येते. ती रोज काढावीच लागेल की नाही, हे शहर ठरवतं.

अंतर वाढत असताना त्यावरचा उपायही याच परिसरात तयार होत होता. बजाज ऑटोला 1959 मध्ये दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला. पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनू लागली, तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुनाही आली. चेतकची कीर्ती मोठी आहे. उत्पादनावर सरकारी परवान्यांची मर्यादा होती, त्यामुळे नाव नोंदवल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि नोंदणीची पावती घरात दागिन्यासारखी जपली जाई. पुढच्या फळीवर उभं मूल, मागे बायको आणि तिच्या मांडीवर धाकटं, असं अख्खं कुटुंब एका इंजिनावर बसे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने मला चेतकपेक्षा लुना महत्त्वाची वाटते. लुनाला पायडल होते. पायडल मारून ती सुरू व्हायची, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी नेता यायची. पन्नास सीसीच्या आतलं इंजिन बसवलेली ती सायकलच होती. सायकल सोडून मोटारीच्या जगात गेलो असं लुनावर बसलेल्या शिक्षकाला किंवा पोस्टमनला वाटायचं कारण नव्हतं. त्याची सायकल आता आपोआप चालत होती, इतकंच. पुढे ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी सहकार्याला परवानगी मिळाली. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 आली, त्याआधी वर्षभर कायनेटिक होंडा. प्रतीक्षायाद्या संपल्या आणि सायकलींचा लोंढा म्हणता म्हणता इंजिनांचा लोंढा झाला.

कायनेटिक होंडाला गिअर नव्हता, किक मारायची सक्तीही नव्हती, बटण दाबलं की ती सुरू व्हायची. साडी नेसलेल्या बाईला, कॉलेजच्या मुलीला, नोकरदार गृहिणीला ती सहज चालवता आली. पुण्यात मुली सायकलीवर फार आधीपासून दिसत होत्या, त्यामुळे बाईने गाडी चालवणं इथे धक्क्याचं ठरलं नाही. संध्याकाळी उशिरा सुटणारा वर्ग, लांबची नोकरी, आईच्या औषधासाठी रात्री दुकान गाठणं, या सगळ्यासाठी सोबतीची आणि बसची वाट पाहायची गरज उरली नाही. दुचाकीमुळे शहर बिघडलं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. सार्वजनिक वाहतुकीने जे स्वातंत्र्य द्यायला हवं होतं ते इथल्या बायकांना स्वतःच्या गाडीने दिलं. हे लहान काम नव्हे, आणि ते विसरून केलेली कुठलीही टीका मला अन्यायाची वाटते.

आता रस्त्याकडे वळू. आपल्याकडे मोटारीची एक लेन साडेतीन मीटरची धरतात. दुचाकी हँडलपाशी मोजली तर साधारण पाऊण मीटर भरते. म्हणजे एका लेनमध्ये एक गाडी हा मोटारीसाठी नैसर्गिक असलेला नियम दुचाकीला लावला तर बाजूची बरीचशी जागा रिकामी राहते. मागे शंभर जण खोळंबलेले असताना ती रिकामी राहणार नाही, हे सांगायला स्वभावशास्त्र लागत नाही. रस्ते-अभियंत्यांच्या कोष्टकात मोटार म्हणजे एक एकक आणि दुचाकी म्हणजे अर्ध्याच्या आसपास. त्या गणितात ती मोटारीचा तुकडा असते, स्वतंत्र चालीचं वाहन नसते. कायद्याचंही तसंच. 1989 च्या रस्ते-नियमांनी शक्य तितकं डावीकडून चालायला आणि पुढच्याला उजवीकडून ओलांडायला सांगितलं. पण शहरात डावी कड ही बसथांब्याची, रिक्षा थांबण्याची, उभ्या वाहनांची, ड्रेनेजच्या झाकणांची आणि पावसाळी तळ्यांची जागा असते. दुचाकीस्वार डावीकडे राहिला तर दर पन्नास पावलांवर बाहेर यावं लागतं आणि बाहेर आला की ‘कट मारला’ म्हणून शिवी खातो. पुलांचं उदाहरण याहून बोलकं आहे. लकडी पुलावर गर्दीच्या वेळी दुचाकींना वर्षानुवर्षे मनाई होती, मोटारी मात्र जात. नदीपात्रालगतचा भिडे पूल दुचाकीवाल्यांचा खरा आधार, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. 2018 मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. त्या वाहनांत बहुसंख्य दुचाकी होत्या.

यावर एक आक्षेप असा की मी बेशिस्तीला इतिहासाची शाल पांघरतो आहे. सिग्नल तोडणं, उलट दिशेने येणं यांना सायकलीचा वारसा ही सबब कशी चालेल? चालणार नाही, आणि वारशाची खरी भीषण बाजू इथेच आहे. फट शोधत जाण्याची चाल पंधराच्या वेगाला सुरक्षित होती. वेग तिप्पट झाला की धडकेची ऊर्जा नऊपट होते. शरीर तेच, डोकं तेच, सवय तीच. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेटचा वाद याच नजरेने पाहावा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमात हेल्मेट सक्तीचं आहे, तरी जानेवारी 2019 मध्ये पुण्यात कारवाई सुरू झाली तेव्हा तिच्या विरोधात माणसं रस्त्यावर उतरली. शहरात वेग तो किती, हे त्यांचं मुख्य म्हणणं. हा मुद्दा सायकलस्वाराचा आहे आणि सायकलस्वारासाठी तो बऱ्याच अंशी खराही होता. लुनावरही कदाचित चालून गेला असता. दीडशे सीसीच्या गाडीवर तो चालत नाही. विरोध करणाऱ्यांना मी मूर्ख मानत नाही. आपण अजून जुन्याच वाहनावर बसलो आहोत असं त्यांचं अंतर्मन धरून चालतं, आणि त्याची किंमत जिवाची असते.

दुसरा आक्षेप असा की दुचाकीला वेगळं वाहन मानून काय साधणार? इतरांनी काही साधलं आहे. मलेशियात क्वालालंपूरजवळच्या फेडरल हायवेवर सत्तरच्या दशकात मोटारसायकलींसाठी वेगळी वाट बांधली गेली. तैवानमध्ये चौकात थांब्याच्या रेषेपुढे दुचाकींसाठी चौकट आखलेली असते आणि मोठ्या चौकांत त्यांना दोन टप्प्यांत वळायला लावतात. तिथले स्वार आपल्यापेक्षा जात्याच शहाणे असतील असं मी मानत नाही. दुचाकी फटीतून पुढे येणारच हे तिथे गृहीत धरलं आणि पुढे आल्यावर तिने उभं कुठे राहायचं ते रंगाने आखून दिलं. आपल्याकडे दुचाकीसाठी सर्वांत नेमकी आखलेली गोष्ट म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पी-1, पी-2 पाट्या. उभ्या गाडीचा विचार झाला, चालत्या गाडीचा झाला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दुचाकीने जी जागा घेतली ती मोटारीकडून कमी आणि पायी चालणाऱ्याकडून जास्त घेतली. सायकलही घ्यायची, पण ढकलली तर ती मागे सरायची. 2022 च्या त्याच मृतांमध्ये जवळजवळ पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सुंदर पदपथ झाले तेव्हा शहराने पहिल्यांदा चालणाऱ्याच्या बाजूने माप घेतलं. पण पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून तोंडाशी खांब रोवायचे झाले की अडचण येते. व्हीलचेअरला आत जायला दोन खांबांमध्ये नव्वद सेंटिमीटरच्या आसपास फट ठेवावी लागते. दुचाकीचं हँडल त्याहून अरुंद असतं. खुर्चीवरच्या माणसासाठी ठेवलेल्या त्या फटीतून गर्दीच्या वेळी गाडी आत शिरते, हँडल जरा तिरकं करून, एक पाय जमिनीला टेकवत.