आडनाव गाळलेला नट

हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ते केवळ ‘डेव्हिड’ असत. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ‘चेऊल’ म्हणजे कोकणातले चौल. हा मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज कोकणात तेलाचे घाणे चालवी आणि शब्बाथला ते बंद ठेवी. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

‘बूट पॉलिश’मधला (१९५४) जॉनचाचा स्वतः चोरटी दारू विकतो, पण पोरक्या भावंडांना भीक न मागता कष्टाने जगायला शिकवतो. उपदेशाला ढोंगाचा वास येऊ न देणे ही त्या भूमिकेतली खरी कसोटी होती. तिच्यासाठी डेव्हिड यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये पद्मश्री आली. १९७९ मध्ये ‘बातों बातों में’त ते ख्रिस्ती अंकल झाले, तर ‘गोलमाल’मध्ये डॉ. केदार.

चरित्र अभिनेत्याने कोणत्याही घरात सामावून जावे, हा त्याचा गुणच. परंतु बिमल रॉय यांच्या ‘यहुदी’त (१९५८) वृद्ध ज्यू जवाहिऱ्याची भूमिका पारशी सोहराब मोदींकडे गेली, हे विसरता येत नाही. पडद्याने डेव्हिड यांना सर्वांचे काका केले. स्वतःच्या समाजाचा माणूस म्हणून मात्र ते प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले नाहीत.

यात आपलाही वाटा आहे. मराठी नटांची नावे मोजताना आपण त्यांना सहसा धरत नाही. पडद्याने गाळलेले ते आडनावच तेवढे मराठी होते, आणि ते परत जोडणे आपल्याच हाती आहे.