कंदील सगळ्यांनी पाहिला, कारभार कुणी पाहिला?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. घरात कुणी सिस्टर असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

१२ मे आला की व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरायला लागतं. अंधारा वॉर्ड, ओळीने पडलेले जखमी सैनिक आणि हातात दिवा घेऊन चाललेली एक बाई. खाली 'सेवा हाच धर्म' वगैरे. त्या दिवशी रुग्णालयात गुलाबाची फुलं वाटली जातात, एखादे साहेब भाषण करतात, सिस्टर लोकांचा ग्रुप फोटो निघतो आणि १३ मे पासून सगळं पूर्ववत.

चित्र खोटं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल रात्री वॉर्डातून फिरत असत हे खरंच आहे. पण इतिहास वाचताना मला नेहमी वाटतं, त्या दिव्याच्या उजेडात बाईंचं खरं काम झाकलं गेलं. त्या प्रेमळ होत्या म्हणून मोठ्या झाल्या नाहीत. त्या पक्क्या कारभारी होत्या. आणि कारभाराबद्दल त्यांनी जे सांगून ठेवलंय, ते आपल्या जिल्हा रुग्णालयापर्यंत अजून पोचलेलं नाही.

सुरुवात करू १८५३ पासून. युद्धाच्या आधी लंडनमध्ये हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी एक छोटी संस्था होती. तिचा कारभार नाइटिंगेलबाईंकडे आला. त्यांच्या पहिल्या मागण्या काय होत्या? गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावं. जेवण वर चढवायला दोरीचा पाळणा बसवावा. आणि घंटा अशी असावी की कुठल्या रुग्णाने वाजवली ते वरच्या वर कळावं. कारण साधं होतं. नर्सचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात गेला, तर तिचे फक्त पाय कामाला लागतात, ती रुग्णापाशी थांबणार कधी? 'माझ्या नर्सेस फार कष्टाळू आहेत' असं कौतुक करत बसण्याऐवजी त्यांचे फुकटचे कष्ट वाचवायला निघालेली ही बाई.

मग क्रिमियाचं युद्ध आलं. ४ नोव्हेंबर १८५४ ला ३८ स्त्रियांना घेऊन त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला पोचल्या. लष्करी बराकीचंच रुग्णालय केलेलं. डॉक्टर मंडळी अजिबात खूश नव्हती. या बायका इथे कशाला, असा एकूण सूर. इथे बाईंनी जे केलं ते त्यांच्या बरोबरच्या काहीजणींनाही निष्ठुरपणाचं वाटलं. त्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कुणीही रुग्णाला हात लावायचा नाही. समोर माणसं विव्हळतायत आणि या बसल्यात पट्ट्या अन् उशा शिवत!

पण त्यात हिशोब होता. आल्या आल्या भांडण केलं असतं तर पुढच्या बोटीने परत पाठवलं असतं. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची लढाई झाली, जखमी जहाजं भरभरून यायला लागले आणि डॉक्टरांनीच हाक मारली. तेव्हापासून परिचारिका वॉर्डात शिरल्या त्या शिरल्याच.

पुढची लढाई गोदामाशी होती. सामान होतं, पण ते बाहेर काढायला कागद हवा, कागदावर सही हवी आणि सही करणारा भलत्याच खात्यात. (इंडेंट बुक घेऊन स्टोअरच्या दारात उभं राहिलेल्या सिस्टरना हे वेगळं समजवायला नको.) बाईंकडे लोकवर्गणीचा पैसा होता. 'टाइम्स' वृत्तपत्राने जमवलेला निधीही मदतीला होता. त्यांनी बाजारातून वस्तू आणल्या. धुलाईसाठी घर भाड्याने घेतलं, पाणी तापवायला बॉयलर बसवले, सैनिकांच्या बायकांना कामावर लावलं. आणि हे सगळं लिहून ठेवलं. काय आलं, किती वाटलं, कुणाला दिलं.

आता या कथेतला असा भाग, जो १२ मेच्या भाषणात कधीच येत नाही.

बाई आल्या, स्वच्छता आली, जेवण सुधारलं. आणि तरीही त्या हिवाळ्यात माणसं मरतच राहिली, उलट जास्त मरायला लागली. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीत दाखल झालेल्या दर १०० जणांमागे जवळपास ४२ जण दगावत होते. बहुतेक जखमांनी नाही, तर जुलाब, कॉलरा, टायफस अशा आजारांनी. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला आणि त्यांनी इमारतीखाली पाहिलं. खाली गटारं तुंबलेली होती. त्यांची घाण हवा वर वॉर्डात येत होती आणि पिण्याच्या पाण्याच्या मार्गात मेलेलं जनावर होतं. त्यांनी गटारं साफ केली, पाण्याची वाट मोकळी केली, खिडक्यांतून वारा खेळता केला. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शेकडा २ च्या आसपास आलं.

म्हणजे वर परिचारिका जिवाचं रान करत होत्या आणि मरण येत होतं फरशीखालून.

युद्धानंतर बाई इंग्लंडला परतल्या. देश त्यांना देवी करायला तयार होता. त्यांनी काय केलं? विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाला सोबत घेऊन आकडे काढले. ते आकडे त्यांच्या कौतुकाला धरून नव्हते, तरी ते लपवले नाहीत. कुठल्या महिन्यात किती मेले, जखमेने किती, टाळता आल्या असत्या अशा आजारांनी किती, हे गोल पाकळ्यांच्या आकृतीत रंगवून राज्यकर्त्यांपुढे ठेवलं. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं, तिथल्या त्या पहिल्या स्त्री सभासद.

मला यात नेतृत्वाचा पहिला धडा दिसतो. आपल्या माणसांचे कष्ट आणि कामाचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कष्ट भरपूर असूनही निकाल वाईट येत असेल, तर माणसांना झापण्याआधी फरशीखाली बघायचं.

दुसरा धडा त्यांच्या पुस्तकात आहे. 'नोट्स ऑन नर्सिंग' हे १८५९ च्या अखेरीस आलेलं छोटं पुस्तक. त्यात बारीकसारीक व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा सार माझ्या शब्दांत सांगतो: तुम्ही हजर असताना काम चांगलं होतं यात काही विशेष नाही. तुम्ही नसतानाही ते तसंच होईल अशी घडी बसवणं, याला चार्ज सांभाळणं म्हणतात. सगळं स्वतःच करणारी सिस्टर चांगली इन्चार्ज नव्हे, आणि कामं वाटून देऊन निवांत बसणारीही नव्हे. ज्याला जे काम दिलंय ते त्याच्याकडून होतंय ना, हे जिला ठाऊक असतं ती इन्चार्ज.

हे पुस्तकी वाटत असेल तर सकाळी ८ वाजता कुठल्याही सरकारी वॉर्डात उभे राहा. आमच्या तालुक्याच्या गावी नातेवाईकाच्या उशाशी काही रात्री काढल्या तेव्हा मी हे रोज बघत होतो. रात्रपाळीची सिस्टर डोळे चोळत बेडामागून बेड फिरते, सकाळची तिच्या मागे. ४ नंबरला सलाईन बदललंय, ७ नंबर ऑपरेशनसाठी उपाशी आहे, ९ नंबरच्या मुलाला अजून काही सांगितलेलं नाही, जपून बोला. १० मिनिटांचा मामला. पण ही ओव्हर देण्या-घेण्याची रीत मोडली तर अख्खा वॉर्ड कोसळेल. एकीच्या डोक्यातलं दुसरीच्या डोक्यात जातं म्हणून रुग्ण जगतो.

तिसरा धडा अधिकाराचा. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. तेव्हापासून त्यांचा एक आग्रह कायम राहिला. परिचारिकांची शिस्त, नेमणूक, कामाची वाटणी हे सगळं मेट्रनच्या हातात हवं. उपचाराबाबत डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण नर्सिंगचा कारभार नर्सिंगमधल्याच बाईकडे. ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याच हाती अधिकार.

आपल्याशी त्यांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या छावण्यांतून प्रश्नावल्या भरून मागवल्या. इथल्या गोऱ्या फौजेत दर वर्षी हजारी ६९ माणसं मरत होती, मुख्यतः आजारांनी. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालामागे बाईंची मेहनत होती. पुढे त्यांचं लक्ष छावणीबाहेरच्या गावांकडे गेलं. मुंबई इलाख्यातल्या ग्रामस्वच्छतेवर त्या लिहीत राहिल्या, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

आता त्या दुसऱ्या धड्याकडे परत येऊ. 'मी नसतानाही तसंच व्हावं' याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला विचाराल तर लंडनमध्ये नाही, मुंबईत परळला आहे.

२७ नोव्हेंबर १९७३. केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा कधी पहिल्यासारखी उठली नाही. तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. तिच्यासाठीही आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. पुढे १९८० च्या दशकात तिला केईएममधून हलवून खाट मोकळी करायचा विचार महापालिकेने केला, तेव्हा परिचारिका पुन्हा उभ्या राहिल्या आणि तो बेत बारगळला. १८ मे २०१५ ला अरुणा गेली, ती त्याच रुग्णालयात.

जवळपास ४२ वर्षं! या काळात किती मेट्रन बदलल्या असतील, किती सिस्टर निवृत्त झाल्या असतील. जिने पहिल्या वर्षी तिला भरवलं आणि जिने शेवटच्या वर्षी भरवलं, त्या दोघींची कदाचित भेटही झाली नसेल. तरी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तिचा खटला आला तेव्हा एक गोष्ट ठळकपणे नोंदली गेली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगाला बेडसोर झालेला नव्हता. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय, त्यांनाच कळेल हे काय आहे. दर काही तासांनी कूस बदलायची. आज, उद्या, दिवाळीला, २६ जुलैच्या पुरातसुद्धा. एका बाईच्या मायेने हे होत नाही. त्याला ओव्हर लागते, चार्ज लागतो आणि कायम टिकणारी माणसं लागतात.

इथे आजचा प्रश्न येतो. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या, बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती नको म्हणून. तेव्हा बऱ्याच लोकांनी 'रुग्णांना वेठीला धरलं' म्हणून नावं ठेवली. पगाराचा मुद्दा होताच, का नसावा? पण त्याच्या पलीकडे बघा. जिचं कंत्राट संपत आलंय, ती ओव्हर कुणाला आणि कशाच्या भरवशावर देणार?

आणि भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१ ची मध्यरात्र उलटलेली. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. १७ पैकी १० बाळं गेली, ७ वाचवता आली. नंतर कारवाई झाली, त्यात अधिकारी होते तशा परिचारिकाही होत्या, कंत्राटी परिचारिकासुद्धा. दोष कुणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम, मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. वायरिंग तपासून घ्यायचा अधिकार त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला होता का? आगीची सूचना देणारी यंत्रणा बसल्याशिवाय कक्ष चालू करणार नाही, असं ती म्हणू शकली असती का? म्हटलं असतं तर कुणी ऐकलं असतं? आपण तिच्या हातात किल्ल्या देतो, रजिस्टर देतो, जबाबदारी देतो. अधिकार मात्र देत नाही.

स्कुटारीची गटारं परिचारिकांनी फडक्याने पुसून साफ झाली नसती. त्यासाठी वरून आदेश निघावा लागला, कुदळ-फावडी आणावी लागली.

म्हणून माझी विनंती. यंदा १२ मे ला आपल्या ओळखीच्या सिस्टरला फूल जरूर द्या. पण आपले आमदार, नगरसेवक, रुग्ण कल्याण समितीचे सभासद भेटले की तीन प्रश्नही विचारा. आपल्या रुग्णालयात परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात? आणि इन्चार्ज सिस्टरने शेवटची लेखी तक्रार कधी केली, तिचं पुढे काय झालं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये नक्की टाका. सिस्टरचं नाव मात्र लिहू नका, नाहीतर पुढचा मेमो तिलाच मिळेल.