जलसाक्षरता (शालेय शिक्षण)

जलसाक्षरता म्हणजे पाण्याचे स्रोत, त्याची गुणवत्ता, वापर आणि पाण्यावर अवलंबून असलेली जीवसृष्टी यांविषयीची जाण होय. शालेय शिक्षणात जलचक्र, नदी, तलाव, विहीर व पाणथळ जागा यांच्या अभ्यासातून ही जाण विकसित केली जाते. पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी सुमारे २.५ टक्के पाणी गोडे असून त्याचा मोठा भाग हिमनद्या व भूजलात आहे. नद्या आणि तलावांच्या वाट्याला अत्यल्प पाणी येते. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांत पिण्याचे पाणी देणारी उल्हास नदी आणि अतिप्रदूषित वालधुनी नदी जवळजवळ वाहत असल्याने हा परिसर या विषयाचे ठळक उदाहरण ठरतो.

पार्श्वभूमी

भारतात जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये संमत झाला. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित सेना योजनेतून शाळांमध्ये पर्यावरण मंडळे स्थापन झाली.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्रात प्राथमिक स्तरावर ‘परिसर अभ्यास’ या विषयात पाण्याची ओळख करून दिली जाते. पुढील इयत्तांत विज्ञान व भूगोल या विषयांतून जलचक्र, अन्नसाखळी, नदीचे कार्य आणि जलप्रदूषण हे घटक येतात. माध्यमिक स्तरावर बालभारतीचे ‘जलसुरक्षा’ हे स्वतंत्र पाठ्यपुस्तक आहे, तर उच्च माध्यमिक स्तरावर ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय शिकवला जातो.

उल्हास खोऱ्याचे उदाहरण

उल्हास नदी

उल्हास नदी सह्याद्रीत खंडाळा–राजमाची परिसरात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर व कल्याणमार्गे सुमारे १२२ किमी प्रवास करून ती वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या उल्हासनगरला याच नदीचे नाव देण्यात आले.

कोकणातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. उल्हासचा प्रवाह मात्र बारमाही राहतो. घाटमाथ्यावरील ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२ मध्ये सुरू झालेल्या भिवपुरी जलविद्युत केंद्रात वीजनिर्मितीसाठी वापरले जाते व नंतर या खोऱ्यात सोडले जाते. आंध्रा नदीचे हे पाणी एरवी इंद्रायणी, भीमा व कृष्णा या नद्यांमार्गे बंगालच्या उपसागरात गेले असते. मानवी हस्तक्षेपाने जलचक्राची वाट कशी बदलते, हे यावरून विद्यार्थ्यांना समजते. बदलापूरजवळील बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे असून त्याचे पाणीही याच खोऱ्यातून घेतले जाते.

नदीची दुसरी बाजू पुराची आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. त्या वेळी एक हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पूररेषा व नदीपात्रातील बांधकामे हे विषय अशा घटनांमुळे पाठ्यपुस्तकाबाहेर येतात.

वालधुनी नदी

वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावते. काकोळे येथील ‘जीआयपी’ तलाव रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधला होता. पुढे ही नदी शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरालगत वाहते आणि उल्हासनगरमार्गे कल्याणच्या खाडीकडे जाते. औद्योगिक व घरगुती सांडपाण्यामुळे शहरी भागात तिला नाल्याचे स्वरूप आले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात नदीत बेकायदा सोडलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबाबत ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली होती.

अध्यापन पद्धती

क्षेत्रभेट : उगमाकडील, शहरातील व शहराखालील अशा तीन ठिकाणांची तुलना केल्यास प्रदूषण कोठे व कशाने वाढते याचा अंदाज येतो.

रासायनिक निरीक्षण : पाण्याचे तापमान, सामू, गढूळपणा व विरघळलेला ऑक्सिजन मोजला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार, प्रक्रिया करून पिण्यासाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन असावा लागतो.

जैविक निर्देशक : मेफ्लाय व स्टोनफ्लाय या कीटकांच्या अळ्या ऑक्सिजनयुक्त, स्वच्छ पाण्यात आढळतात. याउलट, लाल रंगाच्या कायरोनोमस अळ्या व ट्युबिफेक्स कृमी कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. केवळ प्रयोगाच्या क्षणाची नव्हे, तर मागील काही आठवड्यांची स्थिती या जीवांवरून कळते.

जलपर्णी : सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसमुळे दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती वेगाने फोफावते. तिच्या दाट थरामुळे पाण्यात प्रकाश पोहोचत नाही. कुजताना ऑक्सिजन खर्च होतो व मासे मरतात. पाणी हिरवे दिसले म्हणजे ते निरोगी असतेच असे नाही, हे यातून शिकवता येते.

पाण्याचा हिशेब : घरातील नळापासून जलशुद्धीकरण केंद्र व नदीपर्यंत, आणि मोरीपासून सांडपाणी प्रक्रिया केंद्रापर्यंतचा मार्ग विद्यार्थी नकाशावर दाखवतात.

मर्यादा व सुरक्षितता

रसायनमिश्रित पाण्यात विद्यार्थ्यांना उतरवणे धोक्याचे असते. अशा ठिकाणी काठावरून निरीक्षण करणे आणि नमुना शिक्षकाने हातमोजे घालून घेणे आवश्यक ठरते. पावसाळ्यात क्षेत्रभेट टाळली जाते. साध्या चाचणी संचातून जड धातू किंवा विषारी सेंद्रिय रसायने ओळखता येत नाहीत. त्यामुळे सामू व ऑक्सिजन समाधानकारक आढळले तरी पाणी पिण्यायोग्य आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रदूषणाची जबाबदारी केवळ वैयक्तिक सवयींवर टाकली गेल्यास उद्योग, प्रक्रिया केंद्रे व स्थानिक स्वराज्य संस्था यांची भूमिका विद्यार्थ्यांसमोर येत नाही, ही या शिक्षणाची आणखी एक मर्यादा ठरते.

हेही पाहा

उल्हास नदी
वालधुनी नदी
बारवी धरण
जागतिक जल दिन
जलप्रदूषण